बाहेरची चूल

कातळवाडी
१२ नोव्हेंबर २०२४

अनिल,

आशीर्वाद नेहमीचेच. फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. पत्राचं एक बरं असतं, मध्येच बंद करता येत नाही. फार तर फाडता येतं.

आई जेवत नाही. पडल्यापासून खाटेवर आहे ते तुला कळवलं होतं. डॉक्टर म्हणतात हाड जुळलंय, आता पोटात अन्न गेलं पाहिजे. ती पेजेचे दोन घोट घेते आणि तोंड भिंतीकडे फिरवते. नम्रताने घावणे केले, नाचणीची आंबील केली. शेवटी वैतागून म्हणाली, "आई, तुम्हाला काय खावंसं वाटतं ते तरी बोला." तर म्हणाली, "गोळ्यांचं सांबारं." नम्रताने लगेच हरभऱ्याची डाळ भिजत घातली. दुसऱ्या दिवशी आईने ते ताट बघितलं आणि म्हणाली, "ह्ये न्हाय. राखणेचं."

राखणेचं म्हणजे कुठलं ते तुला सांगायला नको. तरी लिहितो, कारण आठवताना मलाच बरं वाटलं. मार्गशीर्षात गावदेवाला बकरा देऊन गावाची राखण झाली की त्या मटणाचे वाटे पडायचे, चुलीमागे एक. चुलीवर खाणारी तोंडं किती, हे गाव बघत नाही. आपल्या चुलीवर काका-काकी, त्यांची पोरं, आपण, सगळे. वाटा मात्र कुड्याच्या पानांवर मावेल एवढाच, आणि त्यातही निम्मं हाड. आई ते मटण विळीवर घेऊन बसायची. चिरून चिरून त्याचा लगदा करायची, त्यात काय काय मळायची आणि गोळे वळायची. हाडं उकळून त्याचंच पातळ सांबारं. "तुकडं केलं तर भांडाल," म्हणायची. "गोळा सगळीकडून सारका असतो."

आत काय मळायची ते मला नीट आठवत नाही. डाळ होती असं वाटतं. मी तेव्हा गुरांमागे असायचो. तू तिच्या पदराला धरून पाट्याजवळ बसलेला असायचास. तिला विचारलं तर म्हणते, "आसंल त्ये घालायचं." ते तू लिहून पाठव. नाहीतर ये, ते जास्त बरं.

मे महिन्यातलं अजून धरून बसला असशील तर पुन्हा एकदा सांगतो. आमची वेदिका काविळीतून उठली तेव्हा मी देवाला शब्द दिला आणि माळ घातली. बारा वर्षं झाली. नम्रतानेही घातली. आतल्या चुलीवर मासमटण शिजत नाही हे तुझ्या दीपालीला माहीत होतं, तरी तिने तिथे बांगडे भाजले. मी भजनाहून आलो, वास आला, मी तवा उचलून बाहेर ठेवला. फेकला नाही, ठेवला. बिडाचा तवा जड असतो, आवाज झाला असेल. त्यावर तू दुसऱ्या दिवशी गावकीच्या बैठकीत उभा राहिलास आणि म्हणालास, "माझी चूल वेगळी धरा." मला आधी सांगितलं नाहीस. मी तिथेच बसलो होतो, तुझ्यापासून हातभर अंतरावर. घर एक होतं ते वेगळं झाल्याचं मला इतर गावकऱ्यांबरोबर कळलं.

असो. आईचं बघू.

महिपत


कातळवाडी
२७ नोव्हेंबर २०२४

अनिल,

पत्राला उत्तर म्हणून तुझा मोबाइलवरचा निरोप मिळाला. दोन ओळी. "बारा वर्षं आईला काय खायला घातलंस?" आणि "येतो, पण आतल्या चुलीवर दीपालीने शिजवलेलं जेवीन."

पहिल्या ओळीचं उत्तर आधी देतो. आईने मला या बारा वर्षांत एकदाही मागितलं नाही. मागितलं असतं तर बघितलं असतं. हे तुला कळवायचं म्हणून मी तिच्या उशाशी जाऊन बसलो आणि सरळ विचारलं, "आये, तुला इतक्या वर्षांत मटण-मासळीची इच्छा झाली नाही ना?"

ती म्हणाली, "कशी व्हनार? बुधवारी कमळीकडं जेवायची मी."

मला आधी कळेना. शेजारच्या कमळाकडे ती दर बुधवारी दुपारी वाती वळायला जायची. मी स्वतः तिला कापूस आणून द्यायचो, रत्नागिरीच्या बाजारातून, चांगला. तसं म्हणालो.

"वाती बी वळायची," आई म्हणाली.

संध्याकाळी कमळाला पाणंदीत गाठलं. ती आधी लाजली, मग हसली, आणि मग कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "महिपतभाऊ, रागवू नका. काकी घरी जाताना सोलाच्या पाण्याने दोनदा चूळ भरायच्या, पदर हुंगून बघायच्या. तुम्हाला तरास व्हायला नको म्हणून हां. तुम्ही ओटीवर हरिपाठ म्हणत असायचात आणि आम्ही मागल्या पडवीत भाकरीने सुकटीचा टोप पुसत असायचो. देवाने तुमचं ऐकायचं काही थांबवलं नाही."

मी म्हणालो, "मग आता तुझ्याकडे का नाही मागत?"

"पाय कुठायत तिला? मी डबा घेऊन आले व्हते की दिवाळीआधी. तुम्ही दारात उभे. 'काय आहे' म्हणून विचारलंत. असे बघत होतात की मी 'ताक' म्हणाले आणि तशीच माघारी गेले."

मला तो दिवस आठवला. ताक आहे तर परत का नेते, असं तेव्हा मनात आलं होतं. विचारलं नाही.

वाडीत सगळ्यांना ठाऊक होतं असं दिसतं. तुलाही असेल. बारा वर्षं मी माझ्याच घरात पाहुण्यासारखा राहिलो आणि सगळ्यांनी माझा मान राखला. मान राखतात म्हणजे काय करतात ते आता कळलं.

दुसऱ्या ओळीचं उत्तर. आतल्या चुलीवर नाही. त्या चुलीवर देवाचा नैवेद्य होतो. मी शब्द तुला दिलेला नाही, देवाला दिलाय, आणि तुझ्या सोयीने तो मोडणार नाही. आईसाठी बाहेर, गोठ्याच्या आडोशाला तीन दगडांची चूल घालतो. राखण पुढच्या महिन्यात आहे. आपल्या घरचा वाटा मी इतकी वर्षं सोडत आलो, यंदा घेईन आणि स्वतः शिजवीन. तुला यायचं तर ये. अंगण तुझंही आहे.

महिपत


कातळवाडी
१९ डिसेंबर २०२४

अनिल,

राखण काल झाली. तू आला नाहीस. तुझ्या नव्या चुलीचा वाटा तुझ्या मित्राने, दर्शनने नेला.

वाटे काढणारा गावकर अजून धोंडूदादाच आहे. आवाज बसलाय, पण चुली तोंडपाठ. देवळामागच्या कातळावर पानं मांडली होती. एकेक नाव घेत घेत तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "महिपत, तुमच्या गोठ्याकडनं धूर दिसतो. चूल घातलीस?"

मी म्हणालो, "होय. आईसाठी. चार दिवस पेटवून वाळवून घेतली."

"आत तुझी. बाहेर तिची. मग चुली दोन."

"दादा, घर एकच आहे. ती फक्त..."

"गाव घर धरीत नाही रे बाबा, चूल धरतं. तुझ्या घरात गॅस असला काय नि नसला काय." आणि त्याने जोरात पुकारलं, "सखूकाकीची चूल, वाटा एक!"

सगळे हसले. कोणीतरी मागून ओरडलं, "म्हातारी वेगळी निघाली गो! वाटणीत बैल कुणाला?" मीही हसलो. पान उचललं. हाताला मटणाचा गारवा लागला आणि अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू. मनात नाव घेत घरी आलो.

बाहेरच्या चुलीवर मी आणि नम्रताने मिळून केलं. जुनी विळी शोधली, धार लावली. मटण मी चिरलं. आई जशी चिरायची तसं चिरायला गेलो तर दुपार झाली. भिजवलेली डाळ पाट्यावर वाटली, आलं-लसूण, मिरची, मूठभर शिळा भात. नम्रताने तोंडाला पदर बांधला होता, तरी तिनेच वाटप वाटलं, भाजक्या खोबऱ्याचं. मी लाकडं आणायला गेलो, आलो, ढवळलं. ती पाणी आणायला गेली, आली, तिने ढवळलं. दोघं एकमेकांकडे बघत होतो, लहान पोरं चोरून काही करतात तशी.

आईला उशीला टेकवून बसवलं. ताट मांडीवर दिलं. ती बराच वेळ नुसती वाफ घेत राहिली. मग एक गोळा बोटांनी फोडला, भाताबरोबर कालवला, खाल्ला. दुसरा खाल्ला. सांबारं वाटीने प्यायली. मी विचारलं, "कसं झालंय?"

"तसंच झालंय," म्हणाली.

कितीतरी दिवसांनी तिने ताट रिकामं केलं. काल मी देवाजवळ बसलो तेव्हा मागायला काही नव्हतं.

तू असायला हवा होतास. डाळीचं तू लिहिलं नाहीस, तरी जमलं.

महिपत


कातळवाडी
२३ डिसेंबर २०२४

अनिल,

दीपाली आली होती. तुला दाभोळला माहेरी जाते म्हणून सांगितलं होतं, ते आता तिनेच तुला सांगितलं असेल, म्हणून लिहितो.

राखणेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, माझं पत्र पेटीत पडल्यावर, ती दारात उभी राहिली. मी "ये" म्हणालो, तिने वाकून नमस्कार केला. मग आत गेली ती आईजवळच बसली. आईने तिच्या गालांवरून हात फिरवले. थोड्या वेळाने दीपाली बाहेर आली, बाहेरच्या चुलीवर झाकून ठेवलेला टोप उघडला आणि बोट बुडवून चाखलं.

"भावोजी, हे कुणी चाखलं होतं?"

मी म्हणालो, "आम्ही कसं चाखणार?"

ती तोंडावर हात ठेवून उभी राहिली. मग म्हणाली, "खारट विख झालंय. आईंनी हे खाल्लं?"

तेव्हा कळलं. मीठ मी घातलं होतं, आणि मी लाकडांना गेलो तेव्हा नम्रतानेही घातलं होतं. कदाचित आल्यावर मी पुन्हा. देवाचा नैवेद्य आम्ही कधी चाखत नाही, तो अंदाजानेच होतो, इतक्या वर्षांत कधी चुकला नाही. त्या भरवशावर राहिलो.

मी आईकडे गेलो. विचारलं, "खारट झालं होतं तर बोलली का नाहीस?"

तिचे डोळे मिटलेलेच होते. म्हणाली, "बोललं आसतं तर परत केलं आसतंस?"

अनिल, तू मला दोन ओळी पाठवल्यास त्या मला लागल्या नव्हत्या. ही लागली.

दीपाली म्हणाली, "मी करते. बरोबर आणलंय." पाली बसथांब्यावरून मटण घेऊन आली होती, वर्तमानपत्रात गुंडाळून, पिशवीच्या तळाशी. डाळीचा डबा मी पुढे केला तर हसली. "डाळ कधी होती तुमच्या घरात? कुळथाचं पीठ असायचं. आईंनीच मला शिकवलंय." बघ, मी जन्मभर डाळ म्हणून खात आलो ते कुळीथ होते. शेताच्या बांधावरचे.

मग तिने विचारलं. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी राहून, हळूच विचारलं. "भावोजी, आत करू?"

मी काही बोललो नाही. नाही म्हणालो नाही, हे लक्षात ठेव. गप्प राहिलो. नम्रता माझ्याकडे बघत होती. दीपाली थोडा वेळ थांबली, मग मान डोलावली आणि पाटा उचलून बाहेर घेऊन गेली. जाताना मागच्या कोनाड्यातला तो बिडाचा तवाही तिने कांदा-खोबरं भाजायला उचलला. उजेडात धरून बघितला. एका बाजूने काठापासून मध्यापर्यंत तडा गेलाय.

"बाहेर ठेवल्याने बिडाला तडा जात नाही, भावोजी," एवढंच म्हणाली. मग चुलीपुढे बसली आणि कामाला लागली.

वास सुटला तेव्हा मी अंगणात होतो. तो वास आपल्या घराचा होता. मला पाट्याजवळ बसलेला तू दिसलास, नाकातून शेंबूड आणि हातात कांदा. मी दूर गेलो, पार विहिरीपर्यंत, पण वास येत राहिला.

दीपालीने ताट आईपुढे ठेवलं. आईने हुंगलं. डोळे भरले तिचे. मग विचारलं, "कुठं केलंस गो?"

"बाहेर, आई. हवेशीर आहे तिथे."

आईने ताट हाताने सरकवलं. जोरात नाही, सावकाश, सांडू नये असं. आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "तिला परत बाहेर बशिवलंस."

नंतर तिने तोंड भिंतीकडे केलं. दीपालीने खूप विनवलं. "मी आपणहून बसले आई," असंही म्हणाली. आईने माझ्या हातचं विष रिकामं केलं आणि तिच्या हातचं अमृत शिवलं नाही. ते सगळं कमळाच्या पोरांनी खाल्लं. दीपाली दुपारच्या एसटीने गेली.

तू ये रे. मी काही मागत नाही. ये.

महिपत


कातळवाडी
१६ फेब्रुवारी २०२५

अनिल,

बारा दिवस आपण एका घोंगडीवर बसलो. तू, मी, दोघांची डोकी भादरलेली. येणारी माणसं म्हणत होती, "भाऊ भाऊ अगदी सारखे दिसता." तू माझ्याशी एक शब्द बोलला नाहीस. मीही बोललो नाही. आई गेली त्या पहाटे मी तुला फोन केला तेव्हा तू उचललास, तेवढंच.

शेवटच्या दिवशी वाडीने सुतक फिटल्याचं तिखट, मटणाचं गावजेवण शिजवलं. पानं मांडायच्या आधी तू बॅग उचललीस. मी तुझ्यामागे पाणंदीच्या तोंडापर्यंत आलो. तुझा ऋत्विक पुढे निघून गेला होता. तू वळलास आणि म्हणालास, "आईचं तिखटसुद्धा बाहेरच शिजलं."

मला सांगायचं होतं की गावजेवण कोणाच्याही घरात शिजत नाही, अंगणातच शिजतं, तुझं लग्नाचंही तिथेच शिजलं होतं. वाद घालायला मुद्दा बरोबर होता. एसटी आली आणि तू चढलास.

नंतरचं सांगतो.

चार दिवसांनी धोंडूदादा आला. रीत म्हणून. चुलीवरचं माणूस गेलं की चूल मोडतात, दगड उलटे करून ठेवतात, म्हणजे पुढच्या राखणेला वाटा काढायला नको. तो गोठ्याच्या आडोशाला गेला, काठीने दगड दाखवला आणि म्हणाला, "सखूकाकीची मोडतोस ना?"

मी म्हणालो, "नको. ही राहू दे. आतली माझी म्हणून धरलीये ती खोड."

"म्हणजे?" त्याने विचारलं.

"आतली अनिलची धर. बाहेरची माझी."

"म्हणजे तू बाहेर शिजवणार? या वयात? पावसाळ्यात काय करशील?"

"वर पत्रा टाकीन."

धोंडूदादाने कान खाजवला. "गावात आजवर धाकटा बाहेर निघालेला बघितला. थोरला पहिल्यांदाच." मग जाताना काठी आपटत म्हणाला, "बरं, धरली. वाटा तू तसाही सोडतोस, गावाचं काही जात नाही."

नम्रताला मी विचारलं नव्हतं. तिला वाटलं माझं डोकं फिरलं. सांगितलं तेव्हा ती बराच वेळ विळीवर भाजी चिरत राहिली. मग म्हणाली, "हे बारा वर्षांपूर्वी सुचलं असतं तर तीन दगडांत भागलं असतं." आणि उठून आमचे दोघांचे टोप, परात, पोळपाट बाहेर नेले. गॅस मी आत बंद करून ठेवलाय, तुमच्यासाठी. आता आमचं आणि देवाचं बाहेर शिजतं. पहिल्या दिवशी नैवेद्य दाखवताना मी देवाला विचारलं, चालेल का. तो गप्प राहिला. या घरात गप्प राहायची सवय त्यालाही लागली असेल.

हे तुझ्यासाठी केलंय असं समजू नको. तुझ्यावरचा राग आहे तसाच आहे. गावकीत उभा राहून तू मला परका केलास, आणि आई भिंतीकडे तोंड करून पडली होती तेव्हा तू अट घालून बसलास. मी माझ्या देवाला धरून बसलो, तू तुझ्या चुलीला. तिने दोघांचं बघितलं आणि जेवायचं सोडलं. आता ती बघायला नाही, तेव्हा हे सोपं झालं. इतकं सोपं की लाज वाटते.

आतली चूल मी सारवून ठेवली आहे. तिच्यावर तवा ठेवलाय, तोच. तडा गेलेला असला तरी बांगडा भाजतो असं दीपाली त्या दिवशी एसटीला जाताना म्हणाली होती. कुळथाचं पीठ डब्यात आहे, उजव्या हाताच्या फळीवर. पाटा तिथेच आहे, तुझ्या बसायच्या जागेपाशी. लाकडं कमळाच्या मागल्या पडवीतून घ्या, मी सांगून ठेवलंय. ती चूल मी पेटवणार नाही. पेटली तर ती तुम्हीच पेटवायची, नाहीतर थंड राहील.

मे महिन्यात आलात तर गोळे करा. मी जेवणार नाही आणि बोलणारही नाही कदाचित. ओटीवर बसलेला असेन, वास येईल तेवढा घेईन, त्याला माझ्या माळेची हरकत नाही.

फक्त मीठ एकानेच घाला. आणि चाखून बघा. आत आता कोणी अडवायला नाही.

महिपत